भाची की नात?

२५ मार्च १६१६ ही तारीख असलेल्या एका मृत्युपत्रात ‘माझी नीस एलिझाबेथ हॉल’ असा उल्लेख येतो. नीस म्हणजे पुतणी किंवा भाची, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण ही एलिझाबेथ मृत्युपत्र करणाऱ्याच्या थोरल्या लेकीची, सुझॅनाची मुलगी होती. म्हणजे सरळसरळ नात. तेव्हाच्या इंग्रजीत ‘नीस’ या शब्दात नातही बसायची.

मृत्युपत्र करणारा होता स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनचा विल्यम शेक्सपिअर. त्याच्या घराण्याचा कागदन् कागद अभ्यासकांनी इतक्या वेळा उलथापालथा केला आहे, की इथे फसायची भीती उरलेली नाही. हाच शब्द एखाद्या अनोळखी शेतकऱ्याच्या मृत्युपत्रात आला असता, तर वंशावळीत कधी अस्तित्वातच नसलेला एक भाऊ किंवा बहीण जन्माला आली असती. इंग्लिश घराण्यांच्या ज्या वंशावळी आज इंटरनेटवर हौसेने मांडलेल्या दिसतात, त्यांत असे भाऊबहीण कमी नाहीत.

चुलत, आते, मामे, मावस असे चार वेगळे दरवाजे असलेल्या भाषेत वाढलेल्या माणसाला ‘कझिन’ हा शब्द आधीच अपुरा वाटतो. सोळाव्या-सतराव्या शतकात तो आणखी सैल होता. पुतण्याही कझिन, भाचाही कझिन, दूरचा भाऊबंदही कझिन. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेल किंवा बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा असेल. ‘ब्रदर’ म्हणून लिहिलेला माणूस मेहुणा निघतो. ‘माझी आत्ताची बायको’ असं वाचलं की आपण लगेच पहिलीच्या दफनाची नोंद शोधायला धावतो. पण तो वकिली शब्दप्रयोग आहे. पुढे दुसरं लग्न झालं तर त्या बायकोने या कलमावर हक्क सांगू नये, म्हणून घातलेला. पहिली बायको कधी नव्हतीच, असंही असू शकतं. एकाच गावातले ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ बापलेकच असतील असंही नाही. गावात एका नावाची दोन माणसं आहेत आणि एक वयाने मोठा आहे, एवढंच त्यातून कळतं.

म्हणून इंग्लिश वंशावळीच्या कामात प्रत्येक कागदाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हे कोणी लिहिलं, आणि कुणासाठी? आपल्यासाठी नक्कीच नाही.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला मुलूख. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये फर्मान काढलं, की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. दर रविवारी प्रार्थनेनंतर चर्चवॉर्डन म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याच्या देखत आठवड्याच्या नोंदी कराव्यात आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली पाद्रीकडे, दुसरी वॉर्डनकडे. हा नव्या कराचा डाव आहे, अशी कुजबुज लोकांत लगेच सुरू झाली. कर पुढे खरोखरच आला, फक्त दीडशे वर्षांनी.

त्या सुरुवातीच्या कागदी वह्या बहुतेक नष्ट झाल्या. १५९८ मध्ये हुकूम निघाला, की जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्याव्यात, सुरुवातीपासून घ्याव्यात, पण ‘विशेषतः’ राणी एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनच्या. या ‘विशेषतः’ शब्दाने फार नुकसान केलं. ज्यांना हात दुखवायचे नव्हते, त्यांनी १५५८ च्या आधीचं सगळं सोडून दिलं. असंख्य पॅरिशची रजिस्टरं नेमकी १५५८ पासून सुरू होतात त्याचं कारण हे. स्ट्रॅटफर्डचं रजिस्टरही तसंच. शेक्सपिअरची बायको ॲन १६२३ मध्ये वारली. थडग्यावर वय सदुसष्ट कोरलेलं आहे, म्हणजे जन्म १५५६ च्या सुमाराचा. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद कितीही शोधली तरी सापडणार नाही, कारण वहीच दोन वर्षांनंतर उघडते.

स्ट्रॅटफर्डच्या रजिस्टरचा १६०० पर्यंतचा भाग एकाच हस्ताक्षरात आहे. चाळीस वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या आणि एकाच शाईच्या दिसल्या, की ओळखायचं: ही नक्कल आहे. २६ एप्रिल १५६४ ची ती प्रसिद्ध नोंद, ‘गुलिएल्मस फिलियस योहानेस शाक्सपेरे’, हीसुद्धा नक्कलच, आणि त्यात लॅटिन षष्ठीची चूक आहे. जॉन‘चा’ मुलगा लिहायला ‘योहानिस’ हवं होतं. मूळ वहीत काय होतं ते आता कुणालाच पाहता येणार नाही. शिवाय ही तारीख बाप्तिस्म्याची आहे. २३ एप्रिलचा वाढदिवस हा अंदाज आहे, कितीही जयंत्या साजऱ्या झाल्या तरी.

नकलेत ओळ सुटते, वर्षाचा मथळा एक ओळ खालीवर होतो, दोन कुटुंबं एकमेकांत मिसळतात. यावर एक उपाय आहे. त्याच १५९८ च्या व्यवस्थेत दरवर्षी वर्षभराच्या नोंदींची प्रत बिशपकडे पाठवणं सक्तीचं झालं. या ‘बिशप्स ट्रान्सक्रिप्ट्स’ आज बहुधा जिल्ह्याच्या म्हणजे काउंटीच्या दफ्तरखान्यात वेगळ्या ठेवलेल्या असतात. रजिस्टर हरवलं असेल तर त्याच कामी येतात. पण रजिस्टर हाती असतानाही दोन्ही ताडून पाहावं. एकात फक्त नाव असतं, तर दुसऱ्यात त्याच नावापुढे ‘विणकर’ किंवा ‘गिरणीवाला’ लिहिलेलं सापडतं, आणि दोन जॉनमधला गुंता त्या एका शब्दाने सुटतो.

आणि दोन जॉनचा गुंता हेच या कामातलं खरं दुखणं. स्ट्रॅटफर्डच्या रजिस्टरमध्ये १५८९ ते १५९१ या काळात जॉन शेक्सपिअरच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे आहेत: उर्सुला, हम्फ्री, फिलिप. १७०९ मध्ये शेक्सपिअरचं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या निकोलस रो यांनी त्याच्या बापाला दहा मुलं होती असं सांगितलं, ते या तिघांमुळेच. प्रत्यक्षात ही मुलं जॉन शेक्सपिअर नावाच्या एका जोडे शिवणाऱ्याची होती. शेक्सपिअरचा बाप हातमोजे करायचा. नाव एक, गाव एक, वही एक. गावच्या इतर कागदांत धंदा लिहिला नसता तर आजही ती मुलं त्याच घरात नांदली असती.

याच घरात दुसरा सापळाही आहे. जोन नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा १५५८ मध्ये, आणि पुन्हा जोन नावाच्याच मुलीचा १५६९ मध्ये. पहिली वारली आणि तिचं नाव दुसरीला ठेवलं. हे तेव्हा सर्रास चाले. पहिल्या जोनच्या दफनाची नोंद मात्र सापडत नाही. म्हणजे मृत्यू आपण दुसऱ्या बाप्तिस्म्यावरून ताडतो. उलट, बाप्तिस्मा सापडला म्हणून हरखून जाऊन पुढची वीस वर्षं दफनांची पानं न पाहणारे लोक तीन महिन्यांच्या बाळाला खुशाल नातवंडं देऊन टाकतात.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. सुरुवात अलीकडून. सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे, आणि लग्नाच्या दाखल्यात वरवधूंच्या बापांची नावं नि धंदे तिथून मिळू लागतात. मग १८५१ ची जनगणना. १८४१ ची तितकी उपयोगाची नाही. तिच्यात पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात फक्त याच काउंटीत की बाहेर एवढंच. १८५१ मध्ये जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. तेव्हा साठ वर्षांचा असलेला माणूस आपल्याला एका उडीत १७९१ च्या आसपासच्या नेमक्या चर्चपाशी नेऊन सोडतो.

तिथून मागे वहीचं रूप पावलोपावली आखडत जातं. १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठी छापील वह्या आल्या, पानावर आठ नोंदी. मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. दफनात वय. १७५४ पासून लग्नासाठी ठरावीक नमुना: सह्या किंवा अंगठ्याऐवजी फुली, दोन साक्षीदार, लग्न चर्चमध्ये जाहीर घोषणा करून झालं की लायसन्स काढून. साक्षीदारांची नावं नेहमी उतरवून घ्यावीत. एखादा प्रत्येक लग्नात दिसत असेल तर तो चर्चचा नोकर. एकदाच दिसत असेल तर बहुधा भाऊ किंवा मेहुणा. १७५४ च्या आधी लग्नाच्या नोंदीत अनेकदा दोन नावांपलीकडे काहीच नसतं, आणि बाप्तिस्म्यात आईचं नाव गाळलेलं असतं. आईला गाळायला काही खास कारण लागत नसे. अपवाद यॉर्कशरच्या विल्यम डेड नावाच्या पाद्रीने आखलेल्या वह्यांचा. १७७० च्या दशकातल्या त्या नमुन्यात आजीआजोबांची नावंही लिहीत. आपलं घराणं त्या भागातलं निघालं तर नशीब समजावं.

समजा १७८० मध्ये लग्न केलेला एक जॉन हवा आहे आणि पंचक्रोशीत १७५० ते १७६० मध्ये त्या नावाचे तीन बाप्तिस्मे आहेत. सगळ्यात जवळचा निवडायचा नाही. तिघांचीही चौकशी करायची. एक लहानपणीच पुरला गेला का? दुसऱ्याचं लग्न दुसऱ्याच पॅरिशमध्ये होऊन तिथे मुलंबाळं दिसतात का? बापाच्या मृत्युपत्रात तो कुठे राहतो म्हणून लिहिलंय? दोघे बाद होईपर्यंत तिसरा आपला नाही. मग त्याच्या भावंडांची नावं आणि त्याने स्वतःच्या मुलांना ठेवलेली नावं जुळतात का पाहायचं, पण तो दुय्यम पुरावा. जॉन, विल्यम, टॉमस यांवर कुणाच्या घराचा हक्क नव्हता. काय शोधलं आणि सापडलं नाही, हेही तारखेसकट लिहून ठेवावं. नाहीतर दोन वर्षांनी तीच पानं पुन्हा चाळली जातात.

नोंदी एकदम वाढल्या किंवा आटल्या, तर कायद्याकडे पाहावं. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीमागे तीन पेन्सचा कर बसला, गरिबांना माफ. कर लागू होण्याआधी लोकांनी पोरंबाळं गोळा करून एकदमच बाप्तिस्मा उरकला, आणि नंतर नावापुढे ‘पी’, म्हणजे पॉपर (कंगाल), हे अक्षर फार दिसू लागलं. सगळे काही भिकेला लागले नव्हते. पाद्री दयाळू होते. १७९४ मध्ये कर गेला. १६४२ नंतरची यादवी आणि क्रॉमवेल यांचा (हा ऑलिव्हर, वर आलेला टॉमस नव्हे) काळ हा तर बहुतेक रजिस्टरांतला खड्डाच. तो ओलांडायला मृत्युपत्रांशिवाय फारसा पूल नाही.

तारखांचं गणित वेगळं. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. शेक्सपिअरची धाकटी लेक जुडिथ हिचं लग्न रजिस्टरप्रमाणे १० फेब्रुवारी १६१५ ला झालं आणि बापाचं मृत्युपत्र २५ मार्च १६१६ चं. वाचणाऱ्याला वाटतं वर्ष उलटलं. मध्ये गेले फक्त चव्वेचाळीस दिवस. मृत्युपत्रात मुळात जानेवारी लिहून तो खोडून मार्च केला आहे, आणि जुडिथच्या हिश्शाची कलमं नव्या जावयाकडे डोळा ठेवून लिहिल्यासारखी वाचता येतात. चव्वेचाळीस दिवस हे माहीत नसेल तर तो धागा हातालाच लागत नाही. म्हणून जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख उतरवताना १६१५/१६ अशी दोन्ही वर्षं लिहावीत. शके आणि इसवी सन जुळवायची सवय असलेल्यांना हे फार जड जाऊ नये.

अक्षराचंही तसंच. १७०० च्या आधीचं ‘सेक्रेटरी हँड’ हे वळण पहिल्यांदा पाहिलं की मोडीचा कागद पहिल्यांदा हातात घेतल्यासारखं होतं. ‘ई’ उलटा, ‘एच’ ओळीखाली लोंबणारा, ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा. नावाच्या सुरुवातीला दोन ‘एफ’ म्हणजे एक मोठा ‘एफ’. मोडी शिकवणारे आधी मायना पाठ करून घेतात, ती युक्ती इथेही लागू पडते. मृत्युपत्र बहुधा ‘देवाच्या नावाने, आमेन’ असं सुरू होतं, मग आत्मा देवाला, देह मातीला, आणि प्रत्येक देणगीआधी ‘आयटम’. ही ठरलेली वाक्यं आधी लावावीत, त्यांतून त्या लेखनिकाची अक्षरमाला स्वतः तयार करावी आणि मगच नावांकडे वळावं. इंडेक्स करणाऱ्याने हे कष्ट घेतलेच असतील याची खात्री नसते. म्हणून इंडेक्स फक्त पानापर्यंत पोचायला वापरायचा. वाचायचं ते पान.

रजिस्टर नाव देतं. नातं सांगतं ते मृत्युपत्र. पण ते शोधायचं कुठे, हाच पहिला अडसर. १२ जानेवारी १८५८ पासून सगळं एका सरकारी यंत्रणेकडे आलं आणि वर्षवार छापील सूची मिळते. त्याआधी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कायदेशीर मान्यता, देत ती चर्चची न्यायालयं: खाली आर्चडीकनचं (हा बिशपच्या हाताखालचा अधिकारी), वर बिशपचं, त्याहून वर यॉर्क आणि कँटरबरीच्या आर्चबिशपची, आणि मध्येमध्ये कुणालाच न जुमानणारी छोटी स्वतंत्र क्षेत्रं. एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत पाच पौंडांहून जास्त मालमत्ता असेल तर प्रकरण आर्चबिशपकडे जाई. कँटरबरीच्या न्यायालयाच्या १३८४ ते १८५८ च्या नकलवह्या, दहा लाखांहून जास्त मृत्युपत्रं, लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ‘प्रोब ११’ या क्रमांकाखाली ऑनलाइन शोधता येतात. तिथे नाही म्हणजे मृत्युपत्र नाही असं समजून बरेच जण थांबतात. लहान माणसांची मृत्युपत्रं काउंटीच्या दफ्तरात असतात. शिवाय प्रोब ११ मधली सही कारकुनाच्या हातची असते. मूळ कागद ‘प्रोब १०’ मध्ये. डेव्हनची मृत्युपत्रं मात्र १९४२ च्या एक्सिटरवरच्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. तिथे १८१२ ते १८५७ पर्यंतच्या, करखात्यासाठी काढलेल्या नकला तेवढ्या हाताशी आहेत.

मृत्युपत्रात जे नाही त्यावरून निष्कर्ष काढायची घाई नको. थोरला मुलगा गायब असतो, कारण जमीन त्याला रिवाजानेच मिळालेली असते. एखाद्याला एकच शिलिंग ठेवलेला दिसतो. तो रुसवा असेल किंवा हिस्सा आधीच दिल्याची पोच असेल. विवाहित बाईला १८८२ च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून विधवा आणि अविवाहित बायकांची मृत्युपत्रं अनमोल. बिनलग्नाची आत्या पुतणे, भाच्या, त्यांचे नवरे, कोण कुठल्या गावी, सगळ्यांना नावानिशी काही ना काही देते. आपल्या पूर्वजाने मृत्युपत्र केलं नसेलच, तरी त्या आडनावाची आसपासची सगळी वाचावीत.

शेक्सपिअरने बायकोला ‘दुसऱ्या नंबरचा पलंग, फर्निचरसकट’ दिला, ही ओळ दोन ओळींमध्ये मागाहून कोंबलेली आहे. तिच्यावरून संसाराचे निकाल लावणारे थकत नाहीत. फर्निचर म्हणजे तिथे गादी, पांघरुणं, पडदे. आणि नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा हयातीपुरता एक तृतीयांश हिस्सा इंग्लिश कायद्याने मुळातच मान्य होता. लिहिलं नाही म्हणजे दिलं नाही असं होत नाही.

तिच्या बाबतीत एक जास्त बोधक गुंता आहे. २७ नोव्हेंबर १५८२ च्या वूस्टरच्या बिशपच्या वहीत शेक्सपिअरला लग्नाचं लायसन्स दिल्याची नोंद आहे: वधू टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली. दुसऱ्याच दिवशी त्याच लग्नासाठी चाळीस पौंडांचा जामीन लिहून दिला: वधू स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे. या व्हेटलीवर हळव्या प्रेमकथा रचल्या गेल्या. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती कारकुनाची चूक आहे. त्याच दिवशी त्याच्यापुढे व्हेटली नावाच्या माणसाचा दुसरा खटला होता. आणि ॲनच्या बापाने, रिचर्ड हॅथवेने, १५८१ च्या मृत्युपत्रात लग्नाच्या दिवशी द्यायचे दहा मार्क, म्हणजे सहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स, ठेवले ते ‘ॲग्नेस’ नावाच्या मुलीला. ॲग्नेसचा उच्चार तेव्हा ॲनिस असा होई आणि दोन्ही नावं एकाच बाईला चालत. एक बाई, तीन कागद, तीन नावं.

यातलं बरंचसं मुंबई इलाख्यालाही लागू आहे. पुणे, खडकी, बेळगाव, मुंबई इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातली मृत्युपत्रं त्याच संग्रहात हिशेबखात्याच्या दफ्तरात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा शोध विनामूल्य आहे. कंपनीच्या गोऱ्या शिपायाच्या किंवा अधिकाऱ्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्यात आईच्या जागी कित्येकदा नुसतं ‘नेटिव्ह बाई’ एवढंच आढळतं, किंवा तेही नाही. अशा वेळी बापाचं मृत्युपत्र काढून ‘नॅचरल’ हा शब्द शोधावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ लग्नाबाहेरचा असा रूढ झाला होता, त्याच्या दोनशे वर्षं आधी पोटचा एवढाच होई. त्या शब्दाच्या मागेपुढे, महिन्याला अमुक रुपये हयातभर द्यावेत अशा कलमात, घरात राहिलेल्या बाईचं नाव कधीकधी येतं. इंग्रजी कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं. ते मोठ्याने वाचून पाहावं.